वामनरावाच्या दारचा रानगुलाब

वामन्या माळ्याचा वामनराव झाला तो कापसामुळे. त्यात त्याच्या अकलेचा वाटा नव्हता, आणि कष्टाचा तर नव्हताच. उलट कष्ट कमी झाले. सात समुद्रांपलीकडे अमेरिकेतले गोरे आपसांत लढायला उठले, विलायतेच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि वऱ्हाडातल्या काळ्या ढेकळाला सोन्याची किंमत आली. कापसाने तेव्हा ज्याला त्याला राव करून सोडलं. दर्यापूरच्या अलीकडच्या त्या गावात कालपर्यंत ‘ए वामन्या, दोन हार टाक इकडे’ म्हणणारी तोंडं ‘वामनराव, बसा, पान घ्या’ म्हणू लागली. आणि हाही बसू लागला.

त्याचा बाप मात्र मरेपर्यंत भगवंताच राहिला. भगवंता माळी. गावाच्या उगवतीला नाला होता, नाल्याला लागून त्याचा मळा. नाल्याच्या पात्रात, गोट्या-वाळूत, रानगुलाबाची एक जाळी उभी होती. ती कोणी लावली नव्हती आणि कोणी राखलीही नव्हती. पुरुषभर उंच, वाकड्या काट्यांची. फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं, मधे पिवळा केसर. फाल्गुनात फुलली की सकाळी अख्ख्या नाल्याला वास, आणि उन्हं चढेपर्यंत पाकळ्या वाळूत. पावसाळ्यात पूर आला की जाळी शेंड्यासकट बुडून जायची. गाव म्हणायचं, गेली या साली. पूर ओसरला की अंगावर गाळ अन् काडीकचरा घेऊन ती तशीच उभी. उन्हाळ्यात नाला आटला तरी वाळूखालच्या ओलीत तिची मुळं सुखाने पडलेली. वाहतं पाणी डोक्यावरून जाईना का, तिला चालायचं. साचलेलं पाणी पायाशी चालायचं नाही. पायाखाली वाळू आणि डोक्यावर ऊन, याहून जास्त तिने कोणाकडे मागितलं नाही.

भगवंता या जाळीची पोरकी रोपं काढून मळ्यात आणायचा आणि त्यांच्या अंगावर देशी गुलाबाचे डोळे बांधून कलम करायचा. खाली रान, वर गुलाब. पण रोप वाळूचं, मळा काळ्या मातीचा. काळी माती पावसात चिखल होऊन पाणी धरून बसते, आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जावा. कोवळी मुळं मधून तोडून टाकते. म्हणून भगवंता आधी खड्डा घ्यायचा, खड्ड्यात नाल्याची वाळू भरायचा, आणि दरसाल नव्या वाळूच्या टोपल्या डोक्यावरून वाहायचा. शेजारच्या शेताचा नत्थुजी कुणबी बांधावर उभा राहून हसायचा. म्हणायचा, लोक मातीत खत घालते, हा बुढा सोन्यात रेती कालवते. भगवंता पुढची टोपली भरायला वळायचा. वामन्या मात्र तेव्हा पोरसवदा होता, आणि नत्थुजीच्या हसण्याची त्याला लाज वाटायची. टोपली वाहताना तो मान खाली घालायचा. माणसाला कशाची लाज वाटावी हे ज्याला लहानपणी चुकीचं कळतं, त्याला ते पुढे फार महाग पडतं.

बाप गेला, कापूस चढला. वामनरावाने पहिल्याच साली मळा मोडला. मोगरा उपटला, झेंडू नांगरला, गुलाबाचे बुंधे चुलीत घातले. एवढ्यावर थांबला असता तरी माणूस म्हणता आलं असतं. पण त्याने गडी लावून वाफ्यांतली वाळूही उकरून काढली आणि नाल्यात फेकली, कारण कपाशीला वाळू नको होती. नत्थुजी बांधावर उभा होताच. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, आत्ता तुले अक्कल आली वामनराव. ते ‘राव’ कानात पडलं आणि वामनरावाला वाटलं, बापाच्या जन्माचं ओझं डोक्यावरून उतरलं.

तीन-चार वर्षं अशी गेली. घराला माडी चढली. आणि मग लेकीचं, सत्यभामाचं, लग्न ठरलं, येत्या फाल्गुनातलं.

स्थळ अकोल्याचं. नवऱ्यामुलाचा बाप देवीदास माळी, मोर्णा नदीच्या काठी फुलांचा मळा, घरची बाई पार्बताबाई स्वतः बाजारात बसणारी. कापसाच्या दलालांनी अकोल्यात हारतुऱ्यांची अशी चंगळ मांडली होती की देवीदासाला मळा मोडायचं कारणच पडलं नाही. माणसं तालेवार, पण हाताला अजून देठांचा हिरवा डाग.

त्या माळ्यांत एक रीत होती. लग्नाच्या दिवशी सकाळी नवऱ्यामुलाची आई नवरीच्या बापाच्या दारी येणार, त्याच्या झाडावरून पहिलं फूल स्वतःच्या हाताने तोडणार, त्या फुलांच्या मुंडावळ्या होणार, आणि त्या बापाने आपल्या हाताने लेकीच्या कपाळाला बांधायच्या. विकतचं फूल चालत नसे. कुंपणाबाहेरचंही चालत नसे. ज्याच्या दारी फूल नाही त्याने बांधायचंही नाही; मामाने बांधावं, बापाने बाजूला बसावं. असं बाजूला बसलेल्या बापाबद्दल लोक तीन पिढ्या बोलत.

याची वामनरावाला त्याच्या बायकोने, जमुनाने, आषाढ लागताना आठवण करून दिली. दारी एक काडी नव्हती. कलमं लावली तर फाल्गुनापर्यंत बोटभर वाढली असती. जमुनाने भीत भीत एक वाट सुचवली. नाल्यातल्या जाळीचं एखादं रोप आणून कुंपणात लावावं, फाल्गुनात दोन पांढरी फुलं आली तरी रीत भागते. मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, लग्नातही त्याच्याच मुंडावळ्या होत्या म्हणतात. वामनराव उखडला. पाच पाकळ्यांचं रानटी फूल बांधून पोरगी भिकाऱ्यासारखी पाठवायची काय? अकोल्याच्या लोकांत? त्याने ठरवलं ते वेगळंच. जाळीतला सगळ्यात जुना, मनगटाएवढा बुंधा मुळासकट आणायचा, दारापुढे लावायचा, आणि त्यावर देशी गुलाबाचे डोळे बांधायचे. जुन्या बुंध्यावरचा डोळा एका मोसमात फूल देतो, हे तो विसरला नव्हता. तेवढंच विसरला नव्हता.

चार गड्यांनी दिवसभर नाला खणला. बुंधा निघाला, पण त्याच्यापायी सगळ्या जाळीची जमीन सुटली. पुढच्याच पुराने उरलेली जाळी वाहून नेली. इतक्या वर्षांत पुराला जे जमलं नव्हतं ते वामनरावाच्या कुदळीने करून दिलं.

बुंधा दारी आला. खड्डा तयार होता. जमुना हळूच म्हणाली, “दोन टोपल्या रेती टाका ना खाली. मामाजी टाकत.”

गडी ऐकत उभे होते. पलीकडे नत्थुजी बैल धूत होता. वामनरावाने त्याच्याकडे पाहिलं आणि मग बायकोकडे.

“माळ्याचा पोट्टा मी हाय का तू?”

वाळूची टोपली डोक्यावर घेऊन नत्थुजीपुढून जायचं, म्हणजे बाप शहाणा होता आणि मी गाढव होतो असं दवंडी पिटून सांगायचं. ते त्याच्याने झालं नसतं. त्याने खड्ड्यात निवडक काळी माती भरली. वर शेणखत, त्यावर सरकीची ढेप, हात आखडता न घेता. ज्या मातीने त्याला राव केलं तीच त्याने झाडाला दिली. द्यायला त्याच्याकडे याहून चांगलं काही नव्हतं, हेही खरं आहे.

श्रावण-भादव्यात खड्ड्यात पाणी साचून राहिलं. झाडाने तक्रार केली नाही. अश्विनात वामनरावाने अचलपूरहून देशी गुलाबाच्या काड्या मागवल्या आणि डोळे बांधले. बोटांना काम आठवत होतं. दिवाळीनंतर दोन डोळे फुगले, लालसर कोंब बाहेर आला, आणि वामनराव गावभर बोलत सुटला. अकोल्याला विहिणीसाठी निरोप धाडला: इनबाईंना सांगा, परडी मोठी आणा, आमच्या दारचं झाड एका मुंडावळीचं नाही.

खणून आणलेलं झाड मुळं सडली तरी अंगातल्या रसावर महिना-दोन महिने कोंब काढतं. तो जीव धरल्याचा कोंब नसतो, जीव सोडल्याचा असतो. माळ्याच्या घरात हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. वामनरावालाही ठाऊक होतं, पण कापसाच्या भावाची चौकशी करता करता ते कुठेतरी खाली जाऊन बसलं होतं. पौषात माती सुकली, बुंध्याभोवती भेग पडली, आणि एका सकाळी कोंब काळे होऊन मान टाकून बसले. त्याने अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. खाली हिरवं असायला हवं होतं. तपकिरी निघालं. आणखी खाली खरवडलं. तिथेही तपकिरी.

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि खरवडलेल्या जागेला चिखल फासला. त्या क्षणी तो बायकोजवळ जाऊन बोलला असता, अकोल्याला खरं कळवलं असतं, तर लोक चार दिवस हसले असते आणि गप्प झाले असते. तो गप्प राहिला. कोणी विचारलं तर सांगायचा, झाड निजलं आहे, थंडी सरली की उठेल. झाडाभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं, ढोरं खातात म्हणून. नत्थुजी एकदा काट्यांवरून वाकून पाहून गेला आणि पारावर म्हणाला, माळ्याच्या हातानं गुलाब मरते, मंग आमच्या हातच्या कपाशीले काहून दोष देता बापा. सगळे हसले. वामनरावही हसला. ते हसणं घरी येईपर्यंत त्याच्या तोंडावर वाळून बसलं होतं.

फाल्गुन आला. अमरावतीला अंबेच्या देवळापुढे परडीभर गुलाब मिळाला असता, पण तिथली एकेक माळीण त्याला ओळखत होती. अकोल्यात व्याहीच बसलेले. म्हणून त्याने खुशाल नावाच्या गाडीवानाला अचलपूरला पाठवलं. खुशाल वऱ्हाड यायच्या रात्री परतला. ओल्या फडक्यात, पळसाच्या पानांत गुंडाळलेले गुलाब, देठ आणि पानांसकट. लाल, भरगच्च, बघत राहावे असे.

लग्नाच्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला वामनराव मेलेल्या रानगुलाबापुढे उकिडवा बसला आणि विकत आणलेले गुलाब त्याच्या वाळक्या फांद्यांना केळीच्या सोपाने, म्हणजे सालीच्या धाग्याने, बांधू लागला. आधी पानांच्या डहाळ्या, मग फुलं. गाठ पानाआड. भगवंता माळ्याने जी गाठ शिकवली होती, हाराची, तीच. माळ्याच्या पोटी जन्मून या माणसाने बोटांतली उरलेली सगळी विद्या त्या पहाटे एका खोट्यात घातली. जमुना पाण्याला म्हणून बाहेर आली, तिने पाहिलं. घागर खाली ठेवली आणि धाग्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ऊन पडलं तेव्हा झाड असं दिसत होतं की लांबून पाहणाऱ्याने हात जोडावेत.

वाजंत्री आली. पार्बताबाई पुढे, मागे बायांचा घोळका. बाई अंगाने थोराड, कपाळाला आडवं कुंकू, बोटांची पेरं देठ मोडून मोडून काळीहिरवी पडलेली. बायांनी झाड पाहिलं आणि ‘अवो माय’ म्हणून तोंडावर हात ठेवले. काट्यांच्या कुंपणातून एकाच माणसाला आत जायची वाट होती. ती वामनरावाने मुद्दामच तशी ठेवली होती. पार्बताबाई आत गेली. तो तिच्यामागे गेला, कारण जाणं भाग होतं.

तिने एका फुलाखाली हात नेला आणि अंगठ्याने देठ मोडायला गेली. देठ मोडला नाही. फूल नुसतंच हातात आलं, आणि त्याच्याबरोबर सोपाचा धागा.

बायांकडे तिची पाठ होती. तिने धाग्याकडे पाहिलं. मग फांदीकडे. मग वाकून, नुकत्याच मेलेल्या माणसाच्या तोंडावरचं फडकं सारावं तशी, बुंध्याची साल नखाने खरवडली. वामनरावाला वाटलं, जमीन आता फाटावी. भेग तर होतीच, त्याच्या मापाची नव्हती.

“कवा मेलं हे?” तिने विचारलं. मयताच्या घरी विचारतात तितक्या हळू.

“पूस महिन्यात.”

“नाल्यातलं दिसते. रेती टाकली होती?”

“नाई.”

“मंग काय टाकलं?”

“ढेप,” तो म्हणाला. “सरकीची.”

“गायीले टाकते तशी,” पार्बताबाई म्हणाली. ती हसली नाही. तोंडावर राग असता तर त्याला कशाला तरी धरून उभं राहता आलं असतं. तिच्या तोंडावर नुसता कंटाळा होता, बाजारात शिळं फूल ताजं म्हणून कोणी पुढे केलं की येतो तसला. “माळी हाय ना तुमी? मले तं लोक म्हनत होते, भगवंता माळ्याचा पोरगा हाय, त्याच्या घरची पोरगी डोळे मिटून करा.”

बापाचं नाव निघालं आणि वामनरावाची मान खाली गेली ती गेलीच.

“हे पाहा इवाईबुवा. पोरगी गुनाची हाय. तिच्या कपायाले मी हा डाग लागू देनार नाई, कोनाले सांगनार नाई. पन मुंडावळ्या तुमी नाई बांधायच्या. तिचा मामा बांधन. लोकायले काय सांगायचं ते तुमचं तुमी पाहा.”

आणि मग तिने जे केलं ते तो मरेपर्यंत विसरला नसेल. तिने एकेक फूल सोडवून घेतलं, गाठ पानाआड ठेवून, धागे मुठीत गोळा करत. जणू ती खरंच तोडते आहे. परडी भरल्यावर बायांकडे वळून मोठ्याने म्हणाली, लय फुललं वं, तोडून बोटं दुखली. बाया कौतुकाने हसल्या. त्याच्या खोट्याचा भार आता ती बाई वाहत होती, पहिल्याच भेटीत, आणि त्याला ‘नको’ म्हणायचीही सोय नव्हती.

तो घरात गेला. कोनाड्यातून एक धुवट चिंधी काढली आणि धडधाकट उजव्या हाताला गुंडाळली. दातांनी गाठ मारली.

मांडव भरला होता. सत्यभामा पाटावर बसली होती, हळदीने पिवळी. परडीतल्या फुलांच्या मुंडावळ्या तयार होऊन ताटात आल्या, आणि सगळ्यांच्या नजरा बापाकडे वळल्या. वामनराव उठला नाही. जमुनाच्या भावाकडे बघून म्हणाला की तूच बांध, माझ्या हाताला लागलं आहे. मांडवात कुजबुज झाली. देवीदासाने, नवऱ्यामुलाच्या बापाने, साधेपणाने विचारलं की फार लागलं काय, वैद्य बोलवायचा काय. त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. पार्बताबाई पदर नीट करत दुसरीकडे पाहत होती. नत्थुजी मात्र पुढच्याच रांगेत होता.

“काय झालं वामनराव हाताले?”

“काटा लागला.”

“माळ्याले काटा,” नत्थुजी आजूबाजूला पाहत म्हणाला, “अन् त्याच्यापायी लेकीच्या मुंडावळ्या राहिल्या?”

दोघंतिघं हसले. वामनराव पाटाशेजारच्या खांबाला टेकून बसला.

सत्यभामाने पाटावरूनच हात पुढे केला. नवरीने त्या वेळी हलू नये, पण ती हलली. म्हणाली, “पाहू द्या बा. मी काढतो. माह्या नखात येते काटा.”

तो नको नको म्हणत असताना तिने त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि गाठ सोडली. चिंधीचे वेढे एकेक उलगडले. तळवा उजेडाकडे धरून ती वाकली. अंगठ्याने दाबून पाहिलं, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. कुठे लाल नव्हतं, कुठे टोक नव्हतं. खुरप्याचे घट्टेही नव्हते. बसून खाणाऱ्या माणसाचा मऊ तळवा होता. तिने मान वर करून बापाकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो तिच्या पायाच्या बोटांकडे पाहत होता, आणि त्याची हनुवटी लहान पोरासारखी हलत होती.

तिने चिंधी परत घेतली. सावकाश, वेढ्यावर वेढा, आधीपेक्षा घट्ट, पूर्ण तळवा झाकेल अशी गुंडाळली आणि गाठ मारली.

“लय खोल गेला हाय, बा,” ती नत्थुजीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली. “राहू द्या.”

आणि तिने कपाळ मामापुढे केलं.